पिल्लाला ग्रूमिंगची सवय: आधी हात, मग ब्रश, आंघोळ सगळ्यात शेवटी

पिल्लू घरी आलं की पहिल्या रविवारी त्याला न्हाऊ घालायचं, असा बहुतेक घरांचा बेत असतो. आईपासून नुकतं दूर झालेलं, नव्या घरात दोन रात्री रडलेलं पिल्लू न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीवर उभं केलं जातं. दोघं धरतात, तिसरा डोक्यावर मगभर पाणी ओततो. पिल्लू ओरडतं, धडपडतं आणि मग गप्प होतं. घरच्यांना वाटतं, झाली सवय. सवय झालेली नसते. सुटका नाही एवढंच त्याला कळलेलं असतं. सहा महिन्यांनी तेच पिल्लू बादलीचा आवाज आला की पलंगाखाली शिरतं आणि पंजा हातात घेतला की दात दाखवतं. तोवर त्याचं वजन वीस किलो झालेलं असतं.

सवय लावणं आणि स्वच्छ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिले काही आठवडे फक्त पहिलं काम करायचं. पिल्लाच्या अंगाला थोडी माती लागून राहिली तर काही बिघडत नाही, ओल्या फडक्यानं पुसून भागतं. पण माणसाचा हात, ब्रश, नखांची कात्री, केस वाळवायच्या ब्लोअरचा आवाज यांच्याबद्दल या काळात त्याचं जे मत बनतं, ते बदलायला पुढे फार कष्ट पडतात.

हाती असलेला वेळ

वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवी गोष्ट दिसली की आधी कुतूहलानं पुढे येतं, घाबरायचं ते नंतर. हा काळ सरला की क्रम उलटतो: अनोळखी गोष्ट दिसली की आधी भीती. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या अनेक पिढ्यांवर वर्षानुवर्षं काम करून हा काळ नीट मांडला. त्यांचं काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजचं पिल्लांचं शिक्षण बरंचसं त्यावरच उभं आहे.

आपल्याकडे २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. म्हणजे नियमानं घेतलेलं पिल्लू घरी आलं तेव्हा आपल्या हातात जेमतेम चार ते सहा आठवडे असतात. महिन्याचं पिल्लू आणलं तर जास्त वेळ मिळेल, असा हिशेब मात्र करू नका. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आई आणि भावंडांत शिकतं. तो धडा अर्धवट राहिलेलं पिल्लू हाताळायला जास्त अवघड जातं.

लसींबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होणारे लसींचे डोस सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोपर्यंत पिल्लाला सलॉनमध्ये किंवा बागेतल्या जमिनीवर सोडायचं नाही, हे बरोबरच आहे. पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या पार्व्हो या आजाराचा विषाणू फरशीवर आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. पण म्हणून ग्रूमिंगची सवयही सोळाव्या आठवड्यानंतर लावू म्हटलं, तर शिकायचा सगळ्यात चांगला काळ हातचा गेला. घरातला सराव पिल्लू दोन-तीन दिवस रुळलं की लगेच सुरू करायचा.

स्पर्श आधी, खाऊ नंतर

सगळी पद्धत एका क्रमावर उभी आहे. आधी स्पर्श, आणि त्यानंतर एक सेकंदाच्या आत खाऊ. स्पर्श थांबला की खाऊही थांबला. असं पंधरा-वीस वेळा झालं की कानाला हात लागताच पिल्लू वर बघायला लागतं, कारण हात म्हणजे आता काहीतरी मिळणार, हे त्याला उमगलेलं असतं.

बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. एका हातात पनीर धरून पिल्लाला बोलावतात, ते खायला लागलं की दुसऱ्या हातानं गुपचूप पंजा पकडतात. दोन-चार वेळा हे चालतं. मग पिल्लाला हिशेब कळतो की पनीर दिसलं म्हणजे पंजा पकडला जाणार, आणि ते पनीर पाहूनच मागे सरतं. खाऊच धोक्याची खूण होऊन बसतो. म्हणून खाऊचा हात पाठीमागे किंवा वाटीजवळ ठेवा. स्पर्श झाल्यावरच तो हलला पाहिजे.

खाऊचा तुकडा हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढा पुरतो. त्यासाठी पिल्लाच्या रोजच्याच कोरड्या खाण्यातून थोडं वेगळं काढून ठेवलं तर उत्तम. अवघड कामासाठी बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं किंवा पनीर. वरखाऊ दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नका, नाहीतर पोट बिघडतं. आपल्या इंदूरच्या घरांत शेवेचा डबा कायम हाताशी असतो आणि पिल्लू समोर बसलं की चिमूटभर शेव खाली पडतेच. ती नको. मीठ आणि तिखट तर आहेच, शिवाय लसणाच्या शेवेतला लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतो. कांद्याचंही तेच. बेदाणे आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात, तेव्हा प्रसादाच्या ताटाकडेही लक्ष असू द्या.

एका वेळचा सराव एक ते दोन मिनिटांचा, दहा-बारा तुकड्यांचा. दिवसातून दोन-तीनदा. पिल्लू झोपून उठलेलं, शी-शू झालेलं आणि थोडं खेळून शांत झालेलं असावं. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजत असताना किंवा घरात पाहुण्यांची वर्दळ असताना सुरुवात करू नका. भीती बाहेरच्या आवाजाची असते आणि ती तुमच्या हाताला चिकटते.

कुठून कुठे

खांदा आणि छातीची बाजू इथून सुरुवात करा. डोक्यावरून हात फिरवणं आपल्याला प्रेमाचं वाटतं, पण वरून येणारा हात बहुतेक पिल्लांना आवडत नाही. खांद्यावरून पाठ, पाठीवरून कमर, मग पोटाची बाजू. दोन-तीन दिवसांनी खांद्यावरून हात घसरवत पुढच्या पायावर कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत, मग पंजावर. पंजाला थेट हात घालू नका. कानाची बाहेरची पाळी, मग पाळी उलटून आत नुसतं बघणं. ओठ वर उचलून दात दिसेपर्यंत. शेपूट मुळापासून टोकापर्यंत. मागचे पाय आणि शेपटीखालची जागा सगळ्यात शेवटी. गळ्यातला पट्टा धरणं हाही सरावाचाच भाग आहे. पट्ट्याला बोट लावलं, खाऊ. पट्टा धरला, खाऊ. पुढे डॉक्टरांकडे याचा फार उपयोग होतो.

प्रत्येक जागी तीन पायऱ्या असतात: नुसता स्पर्श, मग एक ते पाच सेकंद धरून ठेवणं, मग हलकासा दाब. पंजाच्या बाबतीत दाब म्हणजे बोटाच्या गादीवर आणि वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नख पुढे येईल एवढं दाबणं. नखं कापताना नेमकं हेच करायचं असतं.

पिल्लानं पाय ओढून घेतला तर सोडायचा की घट्ट धरायचा, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. घट्ट धरला तर पिल्लू घाबरतं आणि पुढच्या वेळी जास्त जोर लावतं. दर वेळी सोडला तर ओढलं की सुटतं, हे शिकतं. आमचं म्हणणं असं की ओढायची वेळच येऊ देऊ नये. तीन सेकंदांनी ओढत असेल तर दोन सेकंदांनी तुम्हीच सोडा आणि खाऊ द्या. मग अडीच सेकंद, मग तीन. ओढलंच, तर हात सैल करा, खाऊ देऊ नका, क्षणभर थांबा आणि आधीच्या सोप्या पायरीवर परत या.

नको म्हणतंय हे कसं ओळखायचं

गुरगुरणं ही शेवटून दुसरी सूचना असते. त्याआधी पिल्लू बरंच काही सांगत असतं. झोप आलेली नसताना जांभई देणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, कान मागे घेणं, शेपूट पोटाशी आणणं, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसणं. यातलं काहीही दिसलं तर पायरी सोपी करा.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे ताठ होऊन गप्प उभं राहणं. ‘किती शहाणं आहे, अजिबात हलत नाही’ असं कौतुक होतं तेव्हा बऱ्याचदा पिल्लू भीतीनं गोठलेलं असतं. फरक ओळखायला दोन परीक्षा आहेत. खाऊ पुढे केला तर ते मऊ तोंडानं खातं का? एरवी खादाड असलेलं पिल्लू तोंड फिरवत असेल किंवा बोटासकट ओरबाडत असेल, तर ते ताणात आहे. दुसरी परीक्षा: तुम्ही थांबलात आणि हात मांडीवर ठेवलात तर ते जवळ येतं की निघून जातं? जवळ आलं तर पुढे जा.

गुरगुरल्याबद्दल पिल्लाला कधीही रागावू किंवा मारू नका. गुरगुरणं बंद होतं, भीती राहते, आणि पुढच्या वेळी ते सूचना न देता चावतं.

दहा-बारा आठवड्यांच्या पिल्लाला स्वतःहून ‘चालेल’ म्हणायला शिकवता येतं. तळहात किंवा छोटी उशी त्याच्या हनुवटीखाली धरा. हनुवटी टेकली की खाऊ. टेकलेली राहण्याचा वेळ हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. मग नियम असा: हनुवटी टेकलेली असेल तोवर ब्रश फिरतो, उचलली की ब्रश लगेच थांबतो. आपल्याला थांबवता येतं हे कळलेलं पिल्लू कमी वेळा थांबवतं. वेळ थोडा जास्त लागतो, पण डोळ्यांत थेंब घालण्यापासून इंजेक्शनपर्यंत सगळीकडे हे कामाला येतं.

ब्रश आणि केस

ब्रश आधी जमिनीवर ठेवा. पिल्लानं हुंगला, खाऊ. ब्रश हातात उचलला, खाऊ. ब्रशची पाठ अंगाला लावली, खाऊ. दात लावून एकच फटकारा, खाऊ. ब्रश चावायला लागलं तर खेळ होऊ देऊ नका. ब्रश पाठीमागे घ्या, शांत झालं की पुन्हा.

कोणता ब्रश, हे केसांवर ठरतं. लॅब्रॅडॉर आणि आपल्या देशी पिल्लांना रबरी ब्रश आठवड्यातून दोनदा पुरतो. घरोघरी ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. त्याला दुहेरी केस असतात, वर लांब आणि आत लोकरीसारखे. त्याला लांब दातांचा पिन ब्रश आणि स्टीलचा कंगवा, एक दिवसाआड. शिट्झूला रोज. बारीक तारांचा स्लिकर ब्रश वापरायचा असेल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. जेवढ्या जोरानं तिथे ओरखडा उठेल तेवढा जोर पिल्लालाही ओरखडा काढतो. एकाच जागी बराच वेळ घासलं की कातडी लाल होते आणि त्या दिवसापासून ब्रश नावडता होतो.

लांब केसांत वरवर ब्रश फिरवला की कोट, म्हणजे अंगावरचे केस, छान दिसतो, पण मुळाशी गुंता तसाच राहतो. एका हातानं केस वर उचलून धरा, कातडीची रेघ दिसू द्या आणि त्या रेघेपासून खालचे केस विंचरा. शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला पाहिजे. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि पट्टा किंवा हार्नेस (छातीवरचा पट्टा) घासतो तिथे गाठी आधी होतात. छोटी गाठ बोटांनी टोकाकडून मुळाकडे सोडवा. मुळाशी केस चिमटीत धरून ठेवले की कातडी ओढली जात नाही. मोठ्या गाठीत कात्री घालू नका. कातडी गाठीच्या आत वर ओढली गेलेली असते आणि कात्री सरळ तिच्यातून जाते. अशी गाठ ट्रिमरनं जाणकारानंच काढावी.

पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस येतात तेव्हा गुंता अचानक वाढतो. स्पिट्झमध्ये हे चार-सहा महिन्यांच्या सुमारास, शिट्झूमध्ये वर्षाच्या आत-बाहेर. नेमकं याच वेळी ‘आता शिकलंय’ म्हणून सराव सुटलेला असतो. या दिवसांत उलट कंगवा जास्त आणि खाऊही जास्त.

एक विनंती: उन्हाळा आला म्हणून स्पिट्झ, गोल्डन रिट्रीव्हर किंवा हस्कीचे केस वस्तऱ्यासारखे साफ उतरवू नका. ते केस ऊन थेट कातडीपर्यंत पोचू देत नाहीत, आणि दुहेरी कोट काही वेळा पुन्हा नीट येतच नाही. आतली मेलेली लोकर विंचरून काढली की हवा खेळते, तेवढं पुरे.

नखं

ग्रूमिंगच्या कामांत बऱ्याच कुत्र्यांना सर्वांत जास्त भीती नखं कापण्याची वाटते, आणि तिचं कारण बहुधा एकच असतं: कधीतरी नखाच्या आतला जिवंत भाग कापला गेलेला असतो. त्या भागात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. पांढऱ्या नखात ही रक्तवाहिनी गुलाबी दिसते. तिच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. काळ्या नखात काहीच दिसत नाही, म्हणून अगदी पातळ चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, खडूसारखा दिसतो. मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबा.

कात्रीची ओळख खालच्या पायरीपासून करून द्या. कात्री दिसली, खाऊ. कात्री पंजाला टेकली, खाऊ. ‘कट’ असा आवाज हाही घाबरवतो, म्हणून पंजाजवळ कात्री धरून कोरडी मॅकरोनी कापा आणि खाऊ द्या. कोरड्या मॅकरोनीचा आवाज नखाच्या आवाजाच्या बराच जवळ जातो. हे चार-पाच दिवस शांतपणे झालं की एका नखाचं फक्त टोक. त्या दिवशी दुसरं नख नाही.

बहुतेक पिल्लांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी १८ नखं असतात. रोज एक कापलं तर अठरा दिवसांत फेरी पूर्ण होते, आणि नखं वाढायचा वेगही असाच आहे की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोकं काढावी लागतात. म्हणजे ‘रोज एक नख’ यात कामही पुरं होतं आणि सगळी नखं एकाच बैठकीत उरकायची झटापटही टळते. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला घासत नाही, त्यामुळे गोल वळून कातडीत शिरतं.

धार गेलेली कात्री नख कापत नाही, चिरडते. पिल्लू दुखलं म्हणून ओरडतं आणि घरच्यांना ते नाटक वाटतं. माणसाचं नेलकटर अगदी लहान पिल्लाला चालतं. नख जाड व्हायला लागलं की ते दोन्ही बाजूंनी दाबून फोडतं, तेव्हा कुत्र्यांची कात्रीच घ्या.

रक्त आलंच तर घाबरून पिल्लाला सोडू नका आणि ओरडूही नका. तुरटीची बारीक पूड किंवा कॉर्नफ्लॉअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर तीन ते पाच मिनिटं दाबून धरा. तुरटी थोडी झोंबते, तेव्हा सोबत खाऊ चालू ठेवा. पूड आधीच वाटीत काढून ठेवलेली असावी. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर. त्यानंतर आठवडाभर काहीही कापायचं नाही. फक्त पंजा धरणं आणि खाऊ, पहिल्या पायरीपासून.

आवाज: ट्रिमर आणि ब्लोअर

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. मोटरची आपल्याला न ऐकू येणारी कर्कश शीळ त्याला ऐकू येते. म्हणून आवाज आणि स्पर्श हे दोन धडे वेगळे ठेवा. ट्रिमर आधी शेजारच्या खोलीत चालू करा, दार लोटून. पिल्लू जेवत असताना. दोन दिवसांनी दार उघडं. मग त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दरम्यान बंद ट्रिमरची पाठ अंगाला लावण्याचा सराव वेगळा चालू. दोन्ही स्वतंत्रपणे जमले की चालू ट्रिमरची पाठ, पात्याकडची बाजू नव्हे, खांद्यावर एक सेकंद. विजेचा टूथब्रश घरात असेल तर त्याचं मागचं टोक थरथरण्याच्या सरावाला चांगलं. खरं काम सुरू झालं की दर काही मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून बघा, ते तापतं.

ब्लोअरमध्ये आवाज, वारा आणि उष्णता असे तीन त्रास एकत्र येतात. आवाजाची सवय वरच्यासारखीच. वारा आधी मागच्या पायांवर, लांबून, सगळ्यात कमी वेगावर. तोंडावर आणि कानांत कधीच नाही. उष्णता शक्यतो बंदच.

आंघोळ, इंदूरच्या हवेत आणि पाण्यात

निरोगी पिल्लाला चार ते सहा आठवड्यांतून एक आंघोळ पुरते. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ असते आणि तिचा सामू (pH) साताच्या आसपास असतो, आपला साडेपाचच्या. म्हणून आपला शाम्पू, अगदी लहान बाळांचासुद्धा, तिच्यासाठी बनलेला नसतो. कुत्र्याचा शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून वापरा.

पहिले दिवस पाण्याशिवाय. टबमध्ये किंवा न्हाणीघरात रबरी मॅट टाका, पिल्लाला उभं करा, खाऊ, बाहेर. पाय घसरणं हीच निम्मी भीती असते. मॅट नसेल तर जुना जाड टॉवेल ओला करून पसरा. मग दोन बोटं पाणी आधीच भरून ठेवलेला टब. मग ओल्या हातानं पाठ. नंतर मगानं खांद्यावर पाणी; मगाचं तोंड अंगाला लागून ठेवा, उंचावरून ओतू नका. तोंड आणि डोकं शेवटपर्यंत फक्त ओल्या फडक्यानं. नळ जोरात सोडायचा आवाज वेगळा शिकवावा लागतो.

पाणी कोपरानं तपासा: कोमट, ३७-३८ अंशांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी थेट वापरू नका, ते पोळण्याइतकं तापलेलं असतं. जानेवारीत उलट, इथल्या रात्री दहा अंशांखाली जातात, तेव्हा आंघोळ बारा ते दोनच्या उन्हात आणि अंधार पडायच्या आत पिल्लू मुळापर्यंत कोरडं. बोअरचं पाणी जड असतं आणि त्यानं शाम्पू लवकर निघत नाही. उरलेला फेस खाज आणतो आणि मग खाजेचा दोष शाम्पूवर जातो. शहराला नर्मदेवरून येणारं पाणी नळाला येतं त्या दिवशी आंघोळ ठेवा, आणि शाम्पू लावायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या.

लांब केसांचं पिल्लू न्हाण्याआधी विंचरलेलंच हवं. ओली गाठ वाळताना आवळते. पुसताना टॉवेल दाबायचा, घासायचा नाही. बोटांच्या मधली जागा, काख आणि कानामागे ओल राहू देऊ नका, पावसाळ्यात तर नाहीच. तिथेच बुरशी धरते.

रंगपंचमीचा विचार आधी करून ठेवावा. गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी पिल्लाला कितीही घरात ठेवलं तरी कोणाच्या तरी हाताचा गुलाल अंगाला लागतो, आणि पहिली आंघोळ त्या संध्याकाळी घाईत घालावी लागली तर आठवड्यांची मेहनत जाते. पिल्लू फाल्गुनाच्या आधी आलं असेल तर तोवर निदान मगाच्या पायरीपर्यंत पोचा. रंग लागलाच तर आधी कोरडा झटकून, विंचरून काढा, मग पाणी.

कान, दात, गोचीड

कानाची नळी आधी खाली आणि मग आत अशी वळते. कापसाची काडी मळ त्या वळणापलीकडे ढकलते. दिसेल तेवढाच भाग बोटाला कापूस गुंडाळून पुसा. स्वच्छ कान साफ करू नयेत. वास, काळपट मळ किंवा सतत डोकं झटकणं दिसलं तर ते डॉक्टरांचं काम आहे आणि तोवर कानाचा सराव बंद, कारण तिथे खरंच दुखत असतं.

दुधाचे २८ दात साडेतीन महिन्यांच्या सुमाराला पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या दुखतात, तेव्हा बोटाचा हलका स्पर्श एवढंच. माणसाची टूथपेस्ट कधीच नाही: त्यात झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असेल तर तो कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतो.

पावसाळ्यात रोजचा सराव हीच गोचीड शोधायची वेळ. कानाच्या आत-बाहेर, गळ्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. बारीक चिमट्यानं कातडीला लागून पकडा आणि सरळ ओढा. रॉकेल, फिनेल किंवा कापूर घातलेलं खोबरेल लावू नका. कुत्रं अंग चाटतं, आणि ही तिन्ही पोटात गेली तर विष आहेत.

घरातली माणसं आणि सलॉन

पहिले पंधरा दिवस सराव एकाच माणसानं करावा. मग दुसऱ्यानं, मग आजी-आजोबांनी, पण सर्वांनी त्याच क्रमानं. मुलांनी ब्रश फिरवायचा तो मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. एकानं खाऊ देत शिकवायचं आणि दुसऱ्यानं ‘आण इकडे, दोन मिनिटांत कापतो’ म्हणून नखं ओढून कापायची, असं झालं तर पिल्लू दुसऱ्याचाच अनुभव लक्षात ठेवतं.

लसी पूर्ण झाल्यावर सलॉनची पहिली भेट दहा मिनिटांची ठेवा: टेबलावर उभं राहायचं, तिथल्या माणसाच्या हातून खाऊ खायचा, घरी यायचं. काम दुसऱ्या भेटीत. आधी विचारून घ्या: लसींची नोंद बघता का? टेबलावर कुत्र्याच्या गळ्यात अडकवायच्या फासात त्याला एकटं सोडता का? गरम हवेच्या बंद पिंजऱ्यात वाळवता का? शांत राहायला काही औषध देता का? पहिल्याचं उत्तर हो आणि बाकी तिन्हींचं नाही असं यायला हवं. गुंगीचं औषध फक्त पशुवैद्यकानं, तपासून द्यायचं असतं.

आधीच घाबरलेलं असेल तर

पाच-सहा महिन्यांचं पिल्लू पंजा धरताच चावत असेल तर आधी पशुवैद्यकाकडून दुखणं नाही ना हे बघा: कान, कातडी, सांधे, दात. इंदूरकरांना जवळच महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. दुखणं नसेल तर सगळं कापणं-धुणं थांबवून स्पर्शाच्या पहिल्या पायरीपासून सुरू करा, पण अंतर वाढवून: कात्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेली दिसली, खाऊ. लहान पिल्लाला आठवडा लागतो तिथे याला महिना-दोन महिने लागू शकतात. मधल्या काळात तोंडावर चढवायच्या, जाळीच्या टोपलीसारख्या मझलची सवय लावा, तशीच, आत खाऊ ठेवून. तोंड करकचून बांधणारी कापडी पट्टी वापरू नका. तिच्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि इथल्या उन्हाळ्यात ते जिवावर बेतू शकतं. नखं फार वाढली असतील किंवा अंगभर गाठी झाल्या असतील, तर ते काम एकदा डॉक्टरांकडे गुंगी देऊन करून घ्या आणि घरचा सराव त्यानंतर, अंग मोकळं झालेलं असताना सुरू करा.